नवगावला फुटलेलं गलबत

शुक्रवारी शाळेतून घरी आलं की दारातच उकळलेल्या मनुकांचा वास यायचा. माझे आजोबा नाना सकाळीच काळ्या मनुका धुऊन भिजत घालायचे, दुपारी त्या उकळायच्या, हाताने कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, असा त्यांचा आठवड्याचा उद्योग होता. ते गडद सरबत संध्याकाळी आमच्या टेबलावर वाइनच्या जागी यायचं. पप्पा दर शुक्रवारी न चुकता म्हणायचे, "नाना, दोन स्टॉप पलीकडे कोशर वाइनची बाटली मिळते. कशाला एवढा व्याप?" नाना तेवढ्यापुरते कानातल्या मशीनशी चाळा करायचे, म्हणजे ऐकू आलं नाही असं समजायचं. मग आई काचेच्या दोन पेल्यांत पाणी ओतून वर खोबरेल सोडायची, वाती लावायची, आणि स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधातल्या कोंबडीचा रस्सा आणि भात यायचा. त्या रश्श्यासारखा रस्सा मी पुढे आयुष्यभर करत आले, पण माझ्या हातचं मीठ नेहमी चुकतं. नाना चवही न बघता हाताला येईल तेवढं टाकायचे आणि बरोबर पडायचं. वाती लावायच्या आधी रस्त्याकडचा पडदा ओढून घेणं हे पप्पांचं काम होतं. ते कुणी त्यांना सांगावं लागायचं नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. हे वाक्य मी आज सहज लिहिलं, पण लंडनच्या इल्फर्ड भागातल्या त्या शाळेत हे कुणालाही माहीत नव्हतं. पणजोबांचं नाव डेव्हिड, तेच पप्पांनी लंडनला येताना आडनाव म्हणून लावलं, म्हणून शाळेच्या रजिस्टरात मी रूथ डेव्हिड. सगळे आम्हाला ख्रिश्चन समजायचे आणि पप्पा म्हणायचे, समजतात तर समजू देत. पहिलीच्या नाताळच्या नाटकात तर मला मेरीचा पार्ट मिळाला. आई धास्तावली, हे कसं चालेल म्हणून. नाना शांतपणे म्हणाले, "मेरी आपल्यातलीच होती, होऊ दे की!" आमचं खरं आडनाव थळकर. अलिबागजवळच्या थळ गावावरून आलेलं हे आडनाव घरात फक्त नानाच वापरायचे, तेही मला ओरडताना. "रूथ थळकर, चप्पल कुठे टाकलीस?" असं आलं की समजायचं, काहीतरी चुकलंय.

पप्पांच्या गप्प बसण्याला कारण होतं, हे मला मोठेपणी कळलं. त्या दिवसांत ज्यूंविषयीच्या बातम्या वाईट असायच्या. आई स्वयंपाकघरात फोनवर काहीतरी बघत असली आणि मी गेले की फोन पालथा घालायची. दाराच्या चौकटीला आम्ही एक लांबट डबी लावतो, तिच्यात प्रार्थनेचा कागद असतो, तिला मेझुझा म्हणतात. तो इतर ज्यूंच्या घरी दाराबाहेर असतो, आमच्याकडे पप्पांनी तो आतल्या बाजूला लावून घेतला होता. आमच्या गल्लीत पाकिस्तानी, बांगलादेशी, पंजाबी, तमिळ, सगळे होते आणि सगळे आमच्याशी चांगलेच वागायचे. पण पप्पांचं तत्त्व एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. "कुठले म्हणून कुणी विचारलं तर मुंबईचे सांगायचं. बस. मुंबई पुरेसं मोठं आहे." मुंबईचे तर मुंबईचे. मला त्यात काही जड गेलं नाही, कारण वर्गात माझी एकच खास मैत्रीण होती, सफिया मुकादम, आणि तीही मुंबईचीच होती.

सफिया आणि मी रिसेप्शनपासून, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गापासून, शेजारी बसलो. वाढदिवसाच्या पार्टीत जेलीच्या गोळ्यांचं पाकीट आलं की आम्ही दोघी एकदम ते उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचायचो. ती हलाल आहे का बघायची आणि मी कोशर, म्हणजे आमच्या धर्मात चालणारं, पण मी तिला व्हेजिटेरियन असल्याचं सांगून ठेवलं होतं. एकदा तिच्या घरी मी सुरमईचे दोन तुकडे खाल्ले तेव्हा ती चकित होऊन बघतच राहिली. "फिश चालतं," मी म्हणाले, आणि तिने ते मान्य केलं. तिच्या केसांत नेहमी दोन वेगवेगळ्या रंगांचे क्लिप असायचे आणि हसताना ती नाकाने आवाज करायची. मला बहीण नव्हती. सफिया बोलली नाही तर माझा दिवस जायचा नाही, इतकं साधं होतं ते.

आमच्या तिसरीच्या वर्गावर त्या वर्षी मिस तामाती आल्या. त्या न्यूझीलंडच्या माओरी होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, गळ्यात दोऱ्यात ओवलेला हिरवा दगड. हजेरी घेताना प्रत्येकाचं नाव त्या गाण्यासारखं लांबवायच्या. पहिल्याच दिवशी त्या वर्गासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मागच्या बाकांवरून खसखस पिकली, मग आपोआप थांबली, कारण ते कुणाला तरी उद्देशून असावं असं वाटत होतं आणि तो कुणीतरी वर्गात नव्हता. मग त्यांनी सांगितलं की याला पेपेहा म्हणतात. त्यांच्याकडे माणूस आपली ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, मग आपलं पाणी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, म्हणजे वाका, मग आपली माणसं, आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. "मी काल आले," मिस म्हणाल्या, "डोंगर माझ्या कितीतरी आधी आला. मग पहिला नंबर कुणाचा?"

वर्गाला हे फार आवडलं आणि लगेच भांडणं सुरू झाली. अर्ध्या वर्गाला थेम्स हवी होती. आमच्या शाळेजवळून वाहणारी रोडिंग कुणालाच नको होती, कारण तिच्यात सुपरमार्केटच्या ट्रॉल्या पडलेल्या असायच्या. रुमेनियाचा आंद्रेई म्हणाला, "मिस, आम्ही कोच-बसने आलो. वाटेत मला सारख्या उलट्या झाल्या." मिस म्हणाल्या, "मग कोच तुझं वाका. उलट्या विसरू नकोस, तुझ्या नातवंडांना तोच भाग आवडेल." पण मनाला येईल ते निवडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. घरात जे सगळ्यात म्हातारं असेल त्याला विचारून यायचं. आणि हाफ-टर्मच्या आठवडाभराच्या सुट्टीनंतर एका सकाळी घरच्यांना हॉलमध्ये बोलवायचं, त्यांच्यासमोर प्रत्येकाने उभं राहून आपला पेपेहा म्हणायचा.

आमच्या घरात सगळ्यात म्हातारे नाना. त्या शुक्रवारी ते मनुका गाळत असताना मी विचारलं, "नाना, आपला डोंगर कोणता? आणि आपला नदी?"

"आपली नदी," नाना म्हणाले, आणि फडकं पिळता पिळता थांबले. इतका महत्त्वाचा प्रश्न त्यांना लंडनला आल्यापासून कुणी विचारला नव्हता. जेवायचं काय, औषध घेतलं का, हीटिंग वाढवू का, एवढंच सगळे विचारायचे. "डोंगर कनकेश्वरचा. समुद्रातून येताना तोच आधी दिसतो. कोळी त्याच्याकडे बघून होड्या वळवतात."

पप्पा तेवढ्यात ऑफिसमधून आले होते. कोट काढता काढता म्हणाले, "नाना, कनकेश्वरला शंकराचं देऊळ आहे."

"डोंगर देवळाच्या आधीचा आहे," नाना म्हणाले. मिस तामाती आणि नाना यांची अजून गाठही पडली नव्हती! "आणि नदी थळला नाही. खाडी आहे, समुद्र आहे. समुद्र सांग."

मग मी वाकाचं विचारलं. नानांनी हात पुसले, मला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं आणि गोष्ट सांगितली. किती शतकांपूर्वीची ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. आपली माणसं दूरच्या देशातून गलबतात बसून आली आणि नवगावच्या किनाऱ्यासमोर खडकावर आपटून गलबत फुटलं. सात बाया आणि सात बाप्ये तेवढे वाचले. बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरलं, ती जागा अजून आहे. पोथ्या, पुस्तकं, सगळं समुद्राच्या पोटात गेलं, एक प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या या लोकांना गावाने राहू दिलं, कुणी तुमचा धर्म कोणता म्हणून अडवलं नाही. त्यांनी घाणे घातले, तेल गाळलं, गावाची भाषा उचलली, गावाची नावं लावली. फक्त शनिवारी, आपल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. "हे आपलं वाका," नाना म्हणाले. "फुटलेलं आहे, पण आपलं आहे."

मी आनंदाने स्टुलावरून उडीच मारली. आंद्रेईच्या उलट्यांपेक्षा हे किती तरी भारी होतं. पण पप्पांचा चेहरा उतरला होता. "रूथ, तू हे शाळेत सांगणार नाहीयेस. डोंगर सांग, समुद्र सांग. वाका म्हणून विमान सांग. आपण आलोच विमानाने, खोटं काही नाही त्यात."

"सॉलोमन," नाना म्हणाले, "ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुला कुठून लागली रे? पोरीला तिची गोष्ट विचारलीय."

"तुमच्यासाठी गोष्ट आहे, नाना. तिला त्या शाळेत अजून चार वर्षं काढायचीत. ती सफिया... उद्या तिच्या घरच्यांनी सांगितलं, हिच्याशी खेळू नकोस, तर? प्लेग्राउंडवर हिच्याशी खेळायला तुम्ही जाणार आहात?" पप्पांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. नाना पुन्हा फडकं पिळायला लागले. आई म्हणाली, "रस्सा गार होतोय," आणि पप्पा पडदा ओढायला गेले. त्या रात्रीपर्यंत मला हे सुचलंच नव्हतं की गोष्ट सांगितली तर सफिया जाऊ शकते. आता ते एकदा डोक्यात शिरलं आणि निघेना.

हाफ-टर्मभर मी दोन पेपेहा पाठ करत होते. नानांसमोर गलबताचा, पप्पांसमोर विमानाचा. आंघोळ करताना मात्र गलबताचाच तोंडात यायचा. शाळा सुरू झाल्यावर सफियाने विचारलं, "तुझं वाका काय?" मी म्हणाले, "प्लेन." ती म्हणाली, "माझं पण. अब्बाने प्लेन सांगितलंय," आणि विषय संपला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मिसनी सांगितलं होतं की डोंगर ऐकत असतो. कनकेश्वर कुठे आणि इल्फर्ड कुठे, पण आठ वर्षांच्या मुलीला अंतराचं काय!

त्या सकाळी हॉलला नेहमीसारखा व्यायामाच्या मॅट्सचा आणि फिश फिंगर्सचा वास होता. मिस दारात उभ्या राहून प्रत्येकाच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारत होत्या, आमच्या पद्धतीने नमस्कार केला तर चालेल का, आणि हो म्हणणाऱ्याच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवत होत्या. नाना लग्नाला निघाल्यासारखे सूट-टायमध्ये आले होते. त्यांनी नाकाला नाक टेकवून घेतलं आणि मग म्हणाले, "आता आमचं." त्यांनी मिसचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, सोडला आणि स्वतःची बोटं ओठांना लावली. याला आम्ही हातबोशी म्हणतो. आमच्या प्रार्थनाघरात एकाकडून दुसऱ्याकडे अशी ती सगळ्यांपर्यंत जाते. मिसनी ताबडतोब तसंच करून दाखवलं. पप्पा त्या वेळी फायर एक्झिटची पाटी वाचत होते. त्यांना पुढची ट्रेन गाठायची होती, म्हणून ते अंगातला कोट न काढता मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सफियाचे अब्बा तसेच कोटात उभे होते. दोघं रोज गेटवर भेटायचे, "ऑल राइट?" म्हणायचे आणि आपापल्या वाटेने जायचे.

माझं नाव आलं. मी उभी राहिले आणि मिसनी शिकवलेल्या चालीवर सुरुवात केली, "को कनकेश्वर ते मउंगा," म्हणजे माझा डोंगर कनकेश्वर. नाना पहिल्या रांगेत मान डोलवत होते. समुद्रही नीट झाला. आणि मग वाका आलं. मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी अगदी किंचित मान हलवली. ती हो होती की नाही, हे मी नंतर त्यांना कितीदा विचारलं, त्यांनी कधी सांगितलं नाही. मी सफियाकडे बघितलं. ती जमिनीवर मांडी घालून, तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती, एक क्लिप पिवळा आणि एक हिरवा. विमान म्हणायला मी तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर समुद्रातल्या त्या सात बाया आल्या. त्यांना पाण्यात तसंच सोडून विमानात बसायचं, हे काही मला जमेना.

"माझं वाका फुटलं," मी म्हणाले.

मग मी सगळंच सांगून टाकलं, भराभर, श्वास न घेता. नवगाव, खडक, बुडालेली पुस्तकं, किनाऱ्यावरच्या लोकांनी राहू दिलं ते, तेलाचे घाणे, बंद शनिवार. "माझी माणसं बेने इस्राएल. आम्ही ज्यू आहोत. मी रूथ सॉलोमन थळकर." हे सगळं इंग्रजीत, फक्त शनवार तेली हे दोन शब्द मराठीत, कारण त्यांना इंग्रजी मला येत नव्हतं.

टाळ्या झाल्या, जशा प्रत्येकाला झाल्या होत्या. मी खाली बसले. सफियाने माझ्याकडे बघितलं नाही. ती वळून मागे बघत होती, कारण तिथे तिची दादी उठून उभी राहिली होती. काळा बुरखा, पायांत पांढरे ट्रेनर्स, हातात काठी. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती सरळ माझ्या दिशेने येत होती. मागून पप्पा भिंत सोडून निघाले, जवळजवळ धावतच. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती. दादी आधी पोचली.

"तू थलची का गो?" ती मोठ्याने म्हणाली. मराठीत. "शनवार तेल्यांची पोर?"

नाना उठले. "हो," ते म्हणाले. "माझी नात. तुम्ही?"

"रेवदंडा!" दादीने काठी जमिनीवर आपटली. "माजी सासू सांगायची, घरातला त्याल नेमका शनवारी संपायचा आणि तिची सासू बोंबलायची, आज तेली उठायचा नाय, आता सुकं खा!" मग तिने काठी नानांच्या हातात दिली, माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, कडाकड, सगळ्या हॉलला ऐकू जातील अशी. दृष्ट काढून झाल्यावर ती मागे वळली. "इक्बाल! इकडे ये. आपल्या किनाऱ्याची माणसं ही. आणि तू आपल्या पोरीला काय शिकवलंस? विमान! आपले वाडवडील अरबस्तानातून गलबतानं आले, ते तुला सांगाया लाज वाटली?"

"लाज नाही, अम्मी," इक्बालकाका खालच्या आवाजात म्हणाले. तेही मराठीतच म्हणाले. "मुंबई सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत."

पप्पा दोन खुर्च्यांच्या मध्ये उभे होते. जे वाक्य ते इतकी वर्षं मला सांगत आले होते, तेच समोरच्या माणसाच्या तोंडून आलेलं ऐकून त्यांना काय वाटलं असेल? ते हसायला लागले, मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी झाकून घेतला. मी पप्पांना रडताना पहिल्यांदा बघितलं. इक्बालकाकांनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसा हो. ट्रेन काय, दुसरी येते." दोघं कोटासकट शेजारी शेजारी बसले. मिस तामाती हॉलच्या पुढे उभ्या होत्या. झालेल्या संभाषणातला एक शब्दही त्यांना कळला नव्हता, आणि तरी त्या डोळे पुसत होत्या.

पुढचं नाव सफियाचं होतं. ती उठली, फ्रॉक खाली ओढला, आणि तिला काहीच पाठ नव्हतं, कारण जे पाठ होतं ते आता चालणार नव्हतं. डोंगराला ती माझ्याकडे बघून कनकेश्वर म्हणाली. दादी मागून ओरडली, "चालेल, तोच!" समुद्रही तिने माझाच घेतला. वाकाशी आल्यावर मात्र ती थांबली आणि बराच विचार करून, अगदी गंभीरपणे म्हणाली,

"आमचं पण गलबत आहे. ते फुटलं नाही. रूथ आमच्यात बसू शकते."